हवा सोडा, पण मोजून!

मुलांनो, आज एक प्रश्न विचारतो. अगदी खरं खरं उत्तर द्यायचं बरं का! कुणाच्या सायकलची हवा तुम्ही कधी गुपचूप सोडली आहे का?

वर्गात हा प्रश्न विचारला की तीन-चार माना लगेच खाली जातात. बाकीचे सगळे त्या मानांकडे बघून हसायला लागतात. हवा सोडणं म्हणजे खोडी, एवढंच आपल्याला ठाऊक. पण हवा सोडल्यामुळे एक अडकलेली गाडी सुटली, असं सांगितलं तर? विश्वास नाही ना बसत? मग ऐका.

गोदावरीकाठच्या एका गावातली गोष्ट. उन्हाळ्याचे दिवस होते. एक आजी अंगणात घसरून पडल्या आणि त्यांचा पाय मोडला. जीप बोलावली. दवाखाना पलीकडच्या काठाला. पुलावरून जायचं तर मोठा वळसा, म्हणून कोरड्या पात्रातून गाडी घातली. सोबतीला मीही होतो. निम्म्या पात्रात गेलो आणि चाकं वाळूत रुतली. ड्रायव्हरमामांनी जोर दिला तशी चाकं जागेवरच गरगर फिरली आणि आणखी खोल गेली. आम्ही पाचसहा जणांनी ढकललं. गाडी ढिम्म! आत आजी कण्हत होत्या.

मामा खाली उतरले. खिशातून हवेचं मीटर काढलं, काडीनं व्हॉल्व्हची पिन दाबली आणि फुस्स करून हवा सोडायला लागले!

आजींचा मुलगा ओरडला, "अहो मामा, हे काय करताय? चाकं बसतील की!"

मामा शांतपणे म्हणाले, "बसू द्या. बसली तरच निघंल."

चारही चाकांची हवा त्यांनी मोजून जवळजवळ निम्मी केली. चाकांपुढची वाळू हातानं बाजूला सारली. मग हळूच, अजिबात जोर न देता गाडी पुढे घेतली आणि गाडी निघाली की!

असं का झालं असेल? चला, हिशेब करून बघू. समजा, एका मोटारीचं वजन १२०० किलो आहे. चाकं चार, म्हणजे एका चाकावर ३०० किलो. चाकात हवेचा दाब ३० आहे. पंक्चरच्या दुकानात "तीस ठेव" म्हणतात ना, ते हेच. त्याला 'पीएसआय' म्हणतात. ३० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २ किलो. मग ३०० किलो पेलायला किती जागा लागेल? ३०० भागिले २, म्हणजे १५० चौरस सेंटिमीटर. आपलं पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असतं. म्हणजे एवढी जड मोटार जमिनीला टेकते ती चाकामागे पोस्टकार्डाहून थोड्याच मोठ्या जागेवर!

आता हवा निम्मी करा, १५ पीएसआय. दर चौरस सेंटिमीटरला १ किलो. जागा लागेल ३०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ अडीच पोस्टकार्डं! वजन तेच, पण ते दुप्पट जागेवर पसरलं. म्हणून चाक वाळूत रुतण्याऐवजी वाळूवरून चालायला लागलं. (टायरच्या कडाही थोडं वजन उचलतात, त्यामुळे हा हिशेब अगदी तंतोतंत नाही. पण समजायला पुरेसा आहे.) उंटाचा पाय पाहिलाय? गादीसारखा पसरट असतो. वाळवंटात त्याचं का अडत नाही, ते आता तुम्हीच सांगा.

हवा भरलेल्या टायरचं पहिलं पेटंट १८४५ साली रॉबर्ट थॉमसन यांनी घेतलं. पण ते टायर लोक विसरून गेले. पुढे १८८८ मध्ये बेलफास्ट शहरात जॉन डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी पुन्हा तीच युक्ती केली आणि ती जगभर गेली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याकडे पाण्यात आणि जमिनीवरही चालणारी 'डक' नावाची गाडी होती. किनाऱ्यावरची वाळू आली की चालक बसल्या जागेवरून टायरची हवा कमी करायचा आणि पक्का रस्ता आला की पुन्हा वाढवायचा!

आज वाळवंटात, डोंगरात गाड्या नेणारे लोक एक छोटी पितळी टोपणं वापरतात. असेल अंगठ्याएवढं एक. ते व्हॉल्व्हवर फिरवून बसवायचं. हवा आपोआप सुटते आणि ठरलेल्या दाबाला आपोआप थांबते. जादू? छे! आईच्या कुकरची शिट्टी आठवा. वाफेचा दाब वाढला की शिट्टी वर उचलली जाते, कमी झाला की खाली बसते. इथे शिट्टीच्या वजनाऐवजी स्प्रिंग असते. टायरमधल्या हवेचा जोर स्प्रिंगपेक्षा जास्त असेपर्यंत आतली चकती उचललेली राहते. हवेचा जोर कमी पडला की स्प्रिंग जिंकते आणि दार बंद!

पण कुठल्या दाबाला थांबायचं, हे त्या टोपणाला कुणी सांगायचं? आपणच! आधी एका टायरची हवा मीटरनं मोजून हवी तेवढी, समजा १८, करायची. मग टोपण त्यावर बसवायचं. टोपणाचा वरचा भाग उलटा फिरवला की स्प्रिंग सैल होते आणि हवा फुसफुसायला लागते. लगेच सुलटा फिरवायचा. फुसफुस जिथे थांबेल तिथेच कडी घट्ट करायची. लागलं टोपण १८ वर! चारही टोपणं अशीच एकेक करून लावायची आणि नंतर मीटरनं खात्री करायची. हे काम टायर थंड असताना करावं. गाडी चालली की टायर तापतो, आतली हवाही तापते आणि दाब वाढलेला दिसतो. अशा वेळी मोजलं तर हिशेब चुकतो.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आमच्याकडे कुठलं आलंय वाळवंट?" अरे, आपल्या परभणी जिल्ह्यात काळी माती आहे ना! पाऊस पडला की ती कशी पायाला चिकटते, चपलेचं वजन किलोभर होतं. रानात ट्रॅक्टर घालायची घाई झाली की तुमचे आजोबा काय म्हणतात? "थांब, वाफसा येऊ दे." ओल्या मातीवर जड चाक गेलं की माती दाबून घट्ट होते. मग मुळांना वाटही मिळत नाही आणि हवाही. वाफसा आला तरी चाकात हवा फार घट्ट असेल तर दाब थोड्या जागेवरच पडतो. म्हणून शेतात हवा कमी आणि उसाची ट्रॉली घेऊन सडकेवर जाताना जास्त, असं ठेवावं लागतं. नेमकी किती, ते टायर कंपनीच्या तक्त्यात दिलेलं असतं. वडिलांनी तो तक्ता बघितलाय का, जरा विचारा बरं!

आता गोष्टीचा राहिलेला भाग. जीप काठावर चढली, डांबरी सडक लागली. आजींचा मुलगा म्हणाला, "मामा, आता पळवा की! आईला सोसंना झालंय."

मामांनी मान हलवली. "आता पळवली तर आज्जीला घेऊन रस्त्यातच बसावं लागंल." पंचवीसच्या वर काटा जाऊ दिला नाही त्यांनी. पहिल्या पंक्चरच्या दुकानापाशी थांबले, चारही चाकांत हवा भरून घेतली आणि मगच गाडी वेगानं सोडली. ती दहा मिनिटं आम्हा सगळ्यांना जड गेली. मनातून मलाही मामांचा राग आला होता.

पण बरोबर तेच होते. मोटारीचं चाक एका किलोमीटरमध्ये साधारण ५०० वेळा फिरतं. हवा कमी असली की प्रत्येक फेरीत टायरची बाजू दबते आणि पुन्हा सरळ होते. तार सारखी वाकवली की काय होतं? आधी गरम होते, मग तुटते. टायरचंही तसंच. आपल्या शेजारच्या जालन्यातून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ साली पूर्ण खुला झाला. तिथे मोटारी ताशी १२० किलोमीटरपर्यंत धावू शकतात. त्या वेगात टायर फुटला तर काय होईल? म्हणून गावाला निघताना बाबांना आठवण करा, "बाबा, हवा बघितली का?"

आजींचा पाय बरा झाला. काठी टेकत परवा शाळेच्या दारात आल्या आणि मला म्हणाल्या, "काय गुरुजी, लेकरांना हवा सोडायला शिकवता म्हणं?"

हो आजी, शिकवतो. पण खोडी करणारा हवा सोडून पळून जातो. मामांनी सोडली ती मोजून, सगळ्यांसमोर, आणि पुन्हा भरेपर्यंत ते स्वस्थ बसले नाहीत. फरक एवढाच आहे, मुलांनो. आणि तोच मोठा आहे.

करून बघा : आपल्याच सायकलचं मागचं चाक ओलं करा. खाली जुना कागद ठेवा, मित्राला सीटवर बसवा आणि चाकाचा ठसा घ्या. मग थोडी हवा सोडून दुसरा ठसा घ्या. दोन्ही ठसे चौकटीच्या कागदावर ठेवून चौकोन मोजा. कोणता मोठा, किती पटीनं? आणि हो, शेवटी हवा भरायला विसरू नका!