व्हेपची पारख शेवटच्या सिगारेटवरून व्हावी

ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकून द्यायच्या व्हेपची, म्हणजे ई-सिगारेटची, विक्री बंद झाली. दुकानांत त्यांची जागा आता प्रामुख्याने दोन प्रकारच्या उपकरणांनी घेतली आहे. एकात आधीच द्रव भरून आलेला पॉड, म्हणजे छोटी कुपी, बसवायचा असतो. दुसऱ्यात बाटलीतला द्रव आपल्या हाताने पॉडमध्ये भरायचा, तो संपला की पुन्हा भरायचा आणि बॅटरी मोबाइलसारखी चार्ज करायची. हे दुसरे उपकरण मुठीत मावते, महिन्याकाठी स्वस्त पडते आणि तिथे शिकायला वा नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांच्याही सहज हाती येते. त्याबद्दल जे लिहिले-बोलले जाते ते बहुतेक चवीबद्दल, रंगाबद्दल आणि किती दाट वाफ निघते याबद्दल असते. ही पारख चुकीच्या जागी सुरू होते असे माझे ठाम मत आहे. ज्या प्रौढ माणसाला आधीच सिगारेटचे व्यसन आहे त्याच्यासाठी अशा उपकरणाची कसोटी एकच असू शकते. त्याने सिगारेट पूर्ण सुटली का? बाकी सगळे गुण त्यानंतरचे, आणि जो कधी सिगारेट ओढतच नव्हता त्याच्यासाठी तर हे उपकरण चांगले ठरण्याचा प्रश्नच येत नाही.

ही कसोटी धरायचे कारण सिगारेटच्या जळण्यात आहे. माणूस सिगारेट ओढतो निकोटिनसाठी, पण त्याला मारतो तो मुख्यतः धुरातला डांबरासारखा चिकट अंश आणि धुरातले विषारी वायू, हे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ मध्येच मांडले होते. जळत्या सिगारेटचे टोक नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. त्या आगीत तंबाखूची हजारो रसायने तयार होतात आणि कार्बन मोनॉक्साइड थेट रक्तात उतरतो. पॉडमध्ये काहीच जळत नाही. तारेचे छोटे वेटोळे, म्हणजे कॉइल, तापते आणि तिच्याभोवतीच्या कापसात मुरलेल्या द्रवाची वाफ होते. या फरकाच्या आधारावर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये असा अंदाज दिला की व्हेपची दीर्घकालीन हानी सिगारेटच्या हानीच्या पाच टक्क्यांपलीकडे जाण्याची शक्यता कमी आहे. हा तज्ज्ञांचा अंदाज आहे, मोजलेला आकडा नव्हे. त्यावर वैद्यक जगतात टीकाही झाली आणि ती रास्त होती. तरीही दिशा स्पष्ट आहे. धुराकडून वाफेकडे पूर्णपणे गेलेल्या माणसाचा धोका घटतो, आणि ‘पूर्णपणे’ या अटीवर सगळी भिस्त आहे.

सिगारेट सुटते का, याचे उत्तर शोधणाऱ्या प्रयोगांत लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले पीटर हायेक आणि सहकाऱ्यांचा २०१९ मधला प्रयोग मला सर्वांत उपयोगी वाटतो. सिगारेट सोडण्यासाठी ब्रिटनच्या सरकारी सेवेकडे आलेल्या ८८६ जणांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला पसंतीनुसार निकोटिनचे पॅच, च्युइंगगम वगैरे मिळाले, तर दुसऱ्याला ई-सिगारेटचा प्राथमिक संच. समुपदेशन दोन्ही गटांना सारखेच होते. वर्षानंतर पहिल्या गटातले ९.९ टक्के लोक सिगारेटमुक्त होते, दुसऱ्यातले १८ टक्के. या प्रयोगातला एक तपशील फारसा सांगितला जात नाही. दिलेले उपकरण पुन्हा भरता येणारे होते, सोबत १८ मिलिग्रॅम प्रतिमिलिलिटर तीव्रतेच्या द्रवाची एक बाटली होती, आणि पुढची बाटली कोणती घ्यायची हे माणसाने स्वतः ठरवायचे होते. म्हणजे आपला डोस आपल्या हाती असण्याची मुभा त्या यशाच्या मुळाशी होती असे मानायला जागा आहे. वैद्यकीय पुराव्यांचा सतत आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनेही २०२२ पासून भक्कम पुराव्यासह म्हटले आहे की निकोटिनयुक्त ई-सिगारेटने सिगारेट सुटण्याचे प्रमाण पॅच आणि गमपेक्षा अधिक असते. तरीही आकडा लहानच आहे हे विसरू नये. सर्वोत्तम परिस्थितीतही शंभरातले ऐंशीहून अधिक जण सिगारेटकडे परततात.

म्हणून उपकरणाचे मोल डोसवरून करावे. ब्रिटनच्या नियमांनुसार पॉडमध्ये दोन मिलिलिटरपेक्षा अधिक द्रव मावता कामा नये, बाटली दहा मिलिलिटरपेक्षा मोठी नको आणि निकोटिन प्रतिमिलिलिटर वीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक नको. म्हणजे पूर्ण भरलेल्या पॉडमध्ये जास्तीत जास्त चाळीस मिलिग्रॅम निकोटिन. छोट्या पॉडमध्ये बहुतेकदा निकोटिनचे क्षार वापरतात. त्यांत आम्ल मिसळलेले असल्याने घशाला खवखव कमी होते आणि तीव्र मात्राही सहन होते. बऱ्याच जणांना वाटते की सुरुवातीलाच सौम्य द्रव घेतलेला बरा. पुरावा उलट सांगतो. लंडनच्या साउथ बँक विद्यापीठातल्या लिन डॉकिन्स यांच्या गटाने छोट्या प्रमाणावर केलेल्या अभ्यासात वापरणाऱ्यांना १८ ऐवजी ६ मिलिग्रॅमचा द्रव दिला, तेव्हा ते अधिक वेळा आणि अधिक लांब झुरके घेऊ लागले आणि द्रव जास्त संपला. शरीर आपला कोटा वसूल करतेच, मग वाफ अधिक आत जाते आणि तिच्यासोबतचे नको ते घटकही. दिवसाला पाकीटभर सिगारेटी ओढणाऱ्याने पहिल्या आठवड्यांत पुरेसा तीव्र द्रव घेणे, सिगारेटची आठवण बुजली की मात्रा पायरीपायरीने उतरवणे आणि शेवटी तोही थांबवणे, हा क्रम पुन्हा भरता येणाऱ्या पॉडमध्ये सर्वांत सहज जमतो. आधीच भरून आलेल्या पॉडमध्ये ही पायरी उतरायची की नाही हे बऱ्याच अंशी उत्पादकाच्या हाती राहते. मला हा फरक किमतीच्या फरकाहून मोठा वाटतो.

यंत्राचे साधेसुधे गुण इथे महत्त्वाचे ठरतात ते याच कारणाने. पॉड गळू लागला, भरण्याच्या छिद्रावरचे रबरी झाकण सैल पडले, संध्याकाळपर्यंत बॅटरी टिकली नाही, की सिगारेट नुकती सोडलेला माणूस सर्वांत जवळच्या दुकानातून पाकीट घेतो. द्रवाची पातळी बाहेरून दिसणे ही चैन नव्हे. कापूस कोरडा पडला आणि तरी झुरका घेतला तर कापूस करपतो, तोंडात जळका कडवटपणा येतो आणि फॉर्माल्डिहाइडसारखे त्रासदायक पदार्थ तयार होतात. म्हणून नवा पॉड भरल्यावर दहा मिनिटे थांबावे, द्रव तळाला जाण्याआधी पुन्हा भरावा आणि चव करपट लागताच कॉइल बदलावी. फार गोड चवीच्या द्रवांतली साखरेची पर्यायी द्रव्ये कॉइलवर साचून तिचे आयुष्य घटवतात. झुरका सिगारेटसारखा आवळ असावा, आधी तोंडात आणि मग छातीत जाणारा, कारण हाताला आणि ओठांना जी सवय आहे तिच्या जवळ जाणारे साधन टिकते. प्रचंड वाफ सोडणारी मोठी यंत्रे या कामाची नाहीत. बाटलीचे झाकण लहान मुलाला उघडता येणार नाही असेच हवे आणि बाटली घरात औषधांइतकीच जपून ठेवायला हवी, कारण तिच्यातले निकोटिन गिळले गेल्यास लहान मूल गंभीर आजारी पडू शकते. पुन्हा भरण्याच्या सोयीसोबत घरात येणारा हा खरा धोका आहे आणि खरेदी करताना तो हिशेबात धरलाच पाहिजे.

आता सर्वांत मोठ्या फसगतीकडे येऊ. दिवसाच्या वीस सिगारेटींच्या चार केल्या आणि उरलेला वेळ पॉड ओढला, तर प्रगती झाली असे अनेकांना वाटते. ब्रिटनमध्ये २०२४ च्या सर्वेक्षणात व्हेप वापरणारे प्रौढ सुमारे ५६ लाख होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांनी सिगारेट सोडलेली होती, पण दर दहातले जवळजवळ चार जण दोन्ही ओढत होते. हृदयासाठी हा अर्धा रस्ता फार कमी कामाचा आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१८ साली आलेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या धोक्याच्या सुमारे चाळीस ते पन्नास टक्के असतो. सिगारेटी एकोणीसने कमी झाल्या तरी धोका त्या हिशेबाने उतरत नाही. म्हणून माझ्या लेखी जो पॉड सिगारेटच्या शेजारी वर्षभर नांदतो तो अपयशी पॉड आहे, मग त्याची बांधणी कितीही सुरेख असो.

यावर पहिला आक्षेप असा की एक व्यसन जाऊन दुसरे येते. तो खरा आहे आणि हायेक यांच्या प्रयोगातच त्याचा पुरावा आहे. वर्षअखेर सिगारेटमुक्त झालेल्या व्हेप गटातले ८० टक्के लोक व्हेप ओढतच होते, तर पॅच-गमच्या गटातले केवळ ९ टक्के लोक पॅच किंवा गम वापरत होते. निकोटिन निरुपद्रवी नाही. ते हृदयाची गती आणि रक्तदाब वाढवते, वाढत्या मेंदूला बाधते, गरोदरपणात टाळावे असेच ते आहे. माझे उत्तर एवढेच की फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या वाटेवरून बाजूला झालेला, पण अजून निकोटिनला बांधलेला माणूस पूर्ण मोकळा झालेला नसला तरी पूर्वीपेक्षा सुरक्षित आहे. ज्याचे काम गम आणि पॅचने होते त्याने त्यांच्याकडेच जावे, कारण त्यांतून बाहेर पडणेही सोपे जाते. दुसरा आक्षेप दीर्घकालीन परिणामांचा. व्हेप बाजारात येऊन जेमतेम दोन दशके झाली आहेत आणि तंबाखूचे काही रोग उघड व्हायला तीन-चार दशके लागतात. म्हणूनच हे साधन कायमच्या सोबतीसाठी नसून ठरावीक मुदतीसाठी असावे, असे मी म्हणतो.

तिसरा आक्षेप मुलांचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. ब्रिटनमध्ये व्हेप वापरणाऱ्या अल्पवयीनांपैकी फेकून द्यायचे व्हेप मुख्यतः वापरणारे २०२१ मध्ये सुमारे आठ टक्के होते. २०२३ मध्ये ते ६९ टक्के झाले. त्याच वर्षी देशात दर आठवड्याला सुमारे पन्नास लाख व्हेप, त्यांतल्या लिथियम बॅटरीसकट, कचऱ्यात जात असल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला. रंगीत, गोड, तयार आणि खाऊच्या पैशांत मिळणाऱ्या वस्तूने मुलांना ओढले. बाटली, भरणे, कॉइल, चार्जिंग असा थोडा खटाटोप मागणारे उपकरण प्रौढ गरजूला परवडते आणि शाळकरी मुलाच्या वाटेत थोडा तरी अडथळा उभा करते. मात्र बंदीनंतर काही कंपन्यांनी जुन्याच आकाराच्या नळीला चार्जिंगचे छिद्र देऊन आणि भरलेले पॉड बसवून तीच सवय चालू ठेवली आहे. अशी वस्तू कायद्यात बसली तरी या लेखातल्या कसोटीवर उतरत नाही.

ब्रिटनमधला हा निष्कर्ष उचलून महाराष्ट्रावर ठेवता येणार नाही. भारतात सप्टेंबर २०१९ च्या वटहुकमाने आणि मग त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. साठवण वगळता बाकीच्या बाबतींत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सुट्टीत घरी येणाऱ्यांनी असे उपकरण बॅगेत टाकून आणू नये. चोरट्या मार्गाने इथे मिळणाऱ्या व्हेपमध्ये निकोटिन किती आणि आणखी काय आहे हे तपासणारे कोणी नाही. अमेरिकेत २०१९-२० मध्ये व्हेप ओढण्यातून होणाऱ्या फुफ्फुसाच्या तीव्र आजाराने २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यांत ६८ मृत्यू होते. तो आजार मुख्यतः गांजातल्या अमली द्रव्याच्या चोरट्या व्हेप-कुप्यांशी आणि त्यांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी जोडलेला निघाला. तपासणी नसलेल्या बाजारातून काय छातीत जाऊ शकते याचा तो पुरावा आहे. शिवाय आपला रोग वेगळा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तर तंबाखू, गुटखा, मावा, खर्रा, मशेरी अशा धूरविरहित रूपात तंबाखू घेणारे २४.४ टक्के. गालात तंबाखूची गोळी धरणाऱ्या शेतमजुराला किंवा पहाटे मशेरी लावणाऱ्या बाईला लंडनचा पॉड काहीच देत नाही.

त्यांना हवे आहे ते गावाच्या आरोग्य केंद्रात मिळणारे समुपदेशन, परवडणारे निकोटिन गम आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत शिफारस केलेली व्हॅरेनिक्लिनसारखी औषधे. व्हेपवरच्या बंदीचे समर्थन करणाऱ्या प्रत्येक लोकप्रतिनिधीने ही सोय आपल्या तालुक्यात आहे का हे पाहावे, कारण टपरीवर सुटी सिगारेट आणि गुटख्याची पुडी मिळत राहिली आणि सोडण्याचे साधन मात्र मिळाले नाही, तर बंदीचा फायदा फक्त सिगारेट विकणाऱ्याला होतो. ज्याला आजच सोडायचे आहे त्याच्यासाठी केंद्र सरकारची मोफत मदतवाहिनी आहे. तिचा क्रमांक १८००-११-२३५६. तंबाखू कोणत्याही रूपातली असो, आज या क्रमांकावर फोन करा.