मीठ विरतें, वजन उरतें

छांदोग्य उपनिषदांत उद्दालक आरुणीनें आपल्या पुत्रास, श्वेतकेतूस, रात्रीं पाण्यांत मीठ टाकावयास व सकाळीं तेंच परत आणावयास सांगितल्याची कथा प्रसिद्ध आहे. मीठ कांहीं हातास लागलें नाहीं. परंतु वरचें, मधलें व तळचें पाणी चाखून पाहतां सर्वत्र खारटपणा आढळला. ऋषींचा हेतु ब्रह्मविद्येचा होता, व त्याला जिव्हेची साक्ष पुरेशी होती. आज आम्ही तेंच मीठ व तेंच पाणी घेऊन तराजूची व मापाची साक्ष काढणार आहों. या दोन साक्षी एकमेकींशीं जुळत नाहींत. आणि कोणतीवर कोठें विसंबावें हें न कळल्यास घरांत क्वचित् जिवावरचा प्रसंगही ओढवतो.

घरांतील तराजू व मापाचें भांडें घेऊन मुलांकडून पुढील प्रयोग करवावा. एक लिटर पाण्याचें वजन जवळजवळ एक किलोग्रॅम भरतें. त्यांत १०० ग्रॅम मीठ पूर्णपणें विरघळवून पुन्हां तोलावें. वजन बरोबर १०० ग्रॅमनीं वाढलेलें आढळेल. मीठ डोळ्यांस दिसेनासें झालें, तरी त्याचा एक कणही नष्ट झालेला नाहीं. पदार्थांतील द्रव्याच्या या राशीस शास्त्रांत वस्तुमान म्हणतात. विरघळण्यानें तें घटत नाहीं कीं वाढत नाहीं.

आतां पाण्याची पातळी पाहावी. मीठ विरल्यावर पातळी मुळींच चढत नाहीं असा कित्येकांचा समज असतो. तो खरा नाहीं. मिठाच्या खड्यांनीं जेवढी जागा व्यापली होती तेवढी ती चढते, हेंही खरें नाहीं. मिठाच्या स्फटिकाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारें २.१६ ग्रॅम असते. अर्थात् १०० ग्रॅम मिठाचें निव्वळ आकारमान सुमारें ४६ मिलिलिटर झालें. प्रत्यक्षांत पाणी वाढतें तें मात्र सुमारें ३२ मिलिलिटरच. मग उरलेले १४ मिलिलिटर गेले कोठें? मीठ विरतांना त्याचे सोडियम व क्लोरीन यांचे विद्युत्भारित कण सुटे होतात, आणि हे कण सभोंवारच्या पाण्याच्या कणांस आपल्याकडे घट्ट ओढून घेतात. गर्दी दाटते, पण माणूस एकही कमी होत नाहीं, तसाच हा प्रकार आहे.

वस्तुमानास आकारमानानें भागिलें असतां घनता निघते. आमच्या द्रावांत वस्तुमान पुरें शंभर ग्रॅमनीं वाढलें, आकारमान मात्र थोडेंच. म्हणून घनता १ वरून सुमारें १.०६५ वर गेली. हा फरक नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु साध्या पाण्यांत बटाटा टाकल्यास तो बुडतो, आणि लिटरभर पाण्यांत २०० ग्रॅम मीठ विरघळविल्यास, म्हणजे घनता सुमारें १.१२ झाल्यावर, तोच बटाटा तरंगूं लागतो. कोंकणांतील शेतकरी भाताचें बीं पेरण्यापूर्वीं शेंकडा ३ मिठाच्या पाण्यांत टाकून वर आलेले पोंचट दाणे काढून टाकतो, त्यांतील तत्त्व हेंच. मिठागरांतही समुद्राचें पाणी सुमारें १.०२५ घनतेचें येतें. उन्हानें आटत आटत तें १.२१ च्या सुमारास पोंचलें म्हणजे मीठ खालीं बसूं लागतें. तें १.२५ च्या आसपास गेलें कीं उरलेलें पाणी काढून टाकितात; कारण त्यापुढें मॅग्नेशियमचे कडू क्षार मिठांत मिसळूं लागतात.

घरगुती कामांत मात्र आपण तराजू बाजूस ठेवून चमच्यानें मीठ घालतों. चमचा हें आकारमानाचें माप. जाड मिठाच्या खड्यांमध्यें हवा पुष्कळ राहते. बारीक मीठ दाटून बसतें. म्हणून चमचा तोच असला तरी वजन निराळें. घरांतील वडील स्त्रियांचा हात मापाचा असतो हें आम्ही जाणतों. परंतु मीठ बदललें म्हणजे तो अनुभवी हातही फसतो. लोणच्यांत हा फरक चवीवर किंवा टिकाऊपणावर निभावतो. तान्ह्या मुलाच्या बाबतींत तो तसा निभावत नाहीं.

१९७१ सालीं बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकीची सांथ आली, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ व ग्लुकोज घातलेलें पाणी तोंडानें पाजून शेंकडा ३० च्या आसपासचें मृत्यूंचें प्रमाण ४ च्या खालीं आणिलें. आज जुलाबावर मिळणाऱ्या एका लिटरच्या पुडींत एकंदर २०.५ ग्रॅम द्रव्य असतें, व त्यांत मीठ अवघें २.६ ग्रॅम. ही पुडी अर्ध्या लिटरांत कालविली तर मीठ तेवढेंच राहतें, पाणी निम्मे होतें, आणि द्राव दुप्पट तीव्र होतो. असा द्राव अर्भकास पाजल्यास रक्तांतील सोडियम वाढून झटके येण्याचें भय असतें. उलट पाणी अधिक घातल्यास औषधाचा गुण उणावतो.

याकरितां आमची सर्व गृहस्थांस व गृहिणींस विनंती आहे कीं, पुडीवर जेवढें पाणी लिहिलें असेल तेवढेंच मापून घ्यावें, व सगळी पुडी एकदम विरघळवावी. पुडी नसेल तेव्हां उकळून निवविलेल्या एक लिटर पाण्यांत पांच मिलिलिटरच्या लहान चमच्यानें सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा बारीक मीठ घालावें. शीग चढवूं नये. पाजण्यापूर्वीं श्वेतकेतूप्रमाणें स्वतः एक घोट चाखावा, आणि तो अश्रूंहून खारट लागल्यास टाकून देऊन पुन्हां करावा. तरीही मूल सुस्त पडलें, किंवा पाणी पोटांत ठरेना, तर विलंब न लावितां वैद्यकीय मदत घ्यावी.