पारा चार अंशांवर येण्याची वाट

22 मे 1997 ही तारीख जबलपूरकरांना सांगावी लागत नाही. त्या दिवशी भूकंप झाला, घरे पडली, माणसे गेली आणि तारीख घरोघरी लक्षात राहिली. थंडीने नेलेल्या माणसांची अशी एकही तारीख या शहरापाशी नाही. थंडी लक्षात राहते ती पाऱ्याच्या आकड्यांनी. 16 जानेवारी 1935 रोजी दिल्लीत उणे 0.6 अंश आणि दुसऱ्याच दिवशी पुण्यात 1.7, 22 जानेवारी 1962 रोजी मुंबईत सांताक्रूझला 7.4, आणि अलीकडे 29 डिसेंबर 2018 रोजी, जबलपूरहून सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवरच्या नागपुरात 3.5 अंश, म्हणजे त्या शहराच्या नोंदींतला नीचांक. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रे असे आकडे चौकटीत छापतात, आम्हीही छापतो. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते प्रशासनानेही याच चौकटीकडे पाहून जागे होणे. थंडीचे बहुतेक नुकसान विक्रमाच्या रात्री होतच नाही. ते होते विक्रमाच्या अलीकडच्या, कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या रात्रींत, आणि जबलपूर जिल्ह्यात शेत व फूटपाथ या दोन्ही ठिकाणी ते सारखेच दुर्लक्षित राहते.

इतिहासातले मोठे हिवाळे नीट पाहिले तर नुसत्या गारठ्याने मेलेली माणसे त्यांत थोडीच दिसतात. 1709 च्या जानेवारीत युरोपभर नद्या गोठल्या. फ्रान्समध्ये त्या हिवाळ्यापायी सुमारे 6 लाख माणसे गेली असे मानले जाते, पण त्यांतली बहुतेक पुढच्या महिन्यांत, पेरलेला गहू जमिनीतच मेल्यामुळे, भुकेने आणि तापाने गेली. आयर्लंडची गोष्ट अधिक बोलकी आहे. तिथे गरिबांचा बटाटा शेतातच किंवा उथळ खड्ड्यांत राहत असे. 1739 सरताना आणि 1740 उजाडताना आलेल्या गारठ्याने तो थोड्याच दिवसांत नासला, आणि पुढच्या दोन वर्षांत देशाच्या आठव्या हिश्श्याहून अधिक लोक दगावले. दोन्ही ठिकाणी पारा वर चढल्यावर खरा संहार सुरू झाला. मराठी वाचकाला पानिपत आठवेल. 1760 च्या हिवाळ्यात उत्तरेच्या थंडीने मराठी फौज गारठली हे खरेच. पण रसद तुटली नसती आणि अंगावर पुरते पांघरूण असते, तर त्याच थंडीची नोंद बखरींत एखाद्या ओळीपलीकडे झाली नसती. थंडीची ताकद ठरते ती समोरच्याची कणगी आणि छप्पर यांवर.

मध्य प्रदेशाला हे 2011 साली कळले. त्या जानेवारीत राज्यात मोठ्या भागावर पाला, म्हणजे गोठलेले दव, पडला आणि हरभरा, मसूर, तूर, वाटाणा ही पिके उभ्या उभ्या करपली. मदत मागायला गेल्यावर लक्षात आले की केंद्राच्या आपत्ती निधीच्या यादीत गारपीट आहे, पण पाला नाही. तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी या प्रश्नावर थेट उपोषण जाहीर केले. त्यातले राजकारण बाजूला ठेवले तरी मागणी रास्तच होती, आणि 2012 मध्ये थंडीची लाट व पाला यांचा यादीत समावेश झाला. उष्णतेच्या लाटेला जे स्थान त्या यादीत मिळाले नव्हते, ते थंडीला मिळाले. म्हणजे थंडी ही आपत्ती आहे की नाही हा वाद कागदावर तेव्हाच मिटला. उरला तो पंचनाम्याचा.

आणि पंचनाम्यात पाला फार अवघड ठरतो. जबलपूर हा वाटाण्याचा जिल्हा. 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत या जिल्ह्याच्या नावापुढे वाटाणाच आहे. पश्चिमी झंझावात सरकून गेला, आकाश निरभ्र झाले आणि वारा पडला की जमीन रात्रभर आपली उष्णता वर सोडत राहते. थंड हवा जड, ती खोलगट भागात साचते. त्यामुळे बांधापलीकडचे उंचावरचे शेत हिरवे राहते आणि सखल भागातले सकाळी उकडून काढल्यासारखे काळपट दिसते. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पेटीच्या सावलीत असतो. तो 4 अंश दाखवतो तेव्हा उघड्या शेतात पानावरचे दव गोठलेले असू शकते. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला हे सांगायला नको, तो पहाटे बागेत शेकोट्या पेटवूनच बसलेला असतो. पण पटवाऱ्याच्या हातात जिल्ह्याच्या ठिकाणचा आकडा असतो, आणि त्या आकड्यानुसार पाला पडलेलाच नसतो. पीक विम्याचेही तसेच. एकेका शेताची वेगळी पाहणी करून भरपाई देण्याची सोय गारपीट, भूस्खलन, ढगफुटी, शेत जलमय होणे अशा आपत्तींना आहे. पाल्याचे नुकसान मात्र परिसराच्या सरासरी उत्पादनात मिसळून जाते, आणि सखल भागातल्या शेतकऱ्याचे दुर्दैव उंचावरच्या शेजाऱ्याच्या नशिबाने झाकले जाते.

शहरातही आकड्याचाच घोळ आहे. हवामान खात्याच्या निकषानुसार सपाट प्रदेशात किमान तापमान 10 अंश किंवा खाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असेल, किंवा थेट 4 अंशांपर्यंत उतरले असेल, तर थंडीची लाट. जबलपूरची जानेवारीतली किमान सरासरी 9 अंशांच्या आसपास. म्हणजे 6 किंवा 7 अंशांची रात्र येथे लाटेत मोजली जात नाही, मग अशा रात्री ओळीने पंधरा का येईनात. निकष हवामानशास्त्राला योग्यच आहे. तो मदतीचा निकष म्हणून वापरणे अयोग्य आहे. 'लॅन्सेट'मध्ये 2015 साली प्रसिद्ध झालेल्या 13 देशांच्या अभ्यासात एकूण मृत्यूंपैकी 7.29 टक्के थंडीशी आणि केवळ 0.42 टक्के उष्णतेशी जोडलेले आढळले, आणि थंडीच्या वाट्यातले बहुतेक कडाक्याच्या नव्हे, मध्यम गारठ्याच्या दिवसांतले होते. त्या देशांत भारत नव्हता. पण भारतातील मृत्यूंवरचा 2018 मधला अभ्यासही त्याच निष्कर्षावर आला. पक्षाघात, हृदयविकार, श्वसनाचे विकार या रूपांत ही थंडी येते, आणि तिचे दिवस संख्येने जास्त असल्यामुळे बळीही जास्त. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात थंडीने दगावलेले म्हणून दरवर्षी काही शे लोक दिसतात. रस्त्यावर सापडलेल्या ज्या वृद्धाच्या कागदावर 'हृदयक्रिया बंद' एवढेच लिहिले गेले, तो त्यांत नसतो.

यावर पहिला आक्षेप असा की पृथ्वी तापते आहे, हिवाळे सौम्य होत आहेत, मग चिंता उन्हाळ्याची करावी. उन्हाळ्याची करावीच. पण सरासरी वाढली म्हणून टोके नाहीशी होत नाहीत. नागपूरचा नीचांक याच तापत्या शतकातला आहे. शिवाय मध्यम गारठ्याच्या रात्री एक अंशाने उबदार झाल्या तरी उघड्यावर झोपणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो नगरपालिकांचे अधिकारी मनापासून मांडतात: रैनबसेरे, म्हणजे रात्रनिवारे, बांधले तरी रिकामे राहतात, लोकच येत नाहीत. हे काही ठिकाणी खरे आहे. पण हातगाडीवाला आपली गाडी चौकात सोडून दोन किलोमीटरवर झोपायला जाणार नाही, नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोल्यांत पाठवले तर ते जाणार नाहीत, आणि ओळखपत्र मागितले तर ज्याची झोळीच चोरीला गेली आहे तो दारातूनच परत फिरेल. सरकारी रुग्णालयात दाखल रुग्णाचा नातेवाईक तर आवार सोडूच शकत नाही. निवारा रिकामा राहणे हा गरज नसल्याचा पुरावा मानता येत नाही. बहुधा तो जागा चुकल्याचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये, दिल्लीत ऐन हिवाळ्यात एक निवारा पाडला गेल्यानंतर, 5 लाखांहून मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे एक बारमाही, चोवीस तास निवारा असावा असे बजावले. 2011 च्या जनगणनेत जबलपूर महापालिकेची लोकसंख्या साडेदहा लाखांवर होती. तेव्हाच्याच हिशेबाने दहा निवारे होतात, आणि ते स्थानक, रुग्णालये, ग्वारीघाट, मंडया अशा ठिकाणी हवेत, कोठे सरकारी जमीन मोकळी सापडली म्हणून नव्हेत. चौकाचौकात ओंडके टाकून शेकोट्या पेटवणे याला पर्याय नाही; त्याने छायाचित्र चांगले येते, रात्र सरत नाही.

हे सारे गरीब देशाचे रडगाणे आहे, असेही कोणी म्हणेल. अमेरिकेतील टेक्सास गरीब नाही. फेब्रुवारी 2011 च्या थंडीत तिथली वीजनिर्मिती कोलमडली, आणि त्याच वर्षी संघराज्याच्या नियामकांनी वीजकेंद्रे व वायूची यंत्रणा थंडीला तोंड देतील अशी करा, असे लेखी सांगितले. सक्ती झाली नाही, म्हणून ते पुरेसे झाले नाही. दहा वर्षांनी, फेब्रुवारी 2021 मध्ये, लाखो घरे दिवसच्या दिवस अंधारात गोठली आणि राज्याच्या अधिकृत मोजणीनुसार 246 माणसे मेली. मध्य प्रदेशाचा पालाही 2011 चाच होता. यादीत नाव घालून घेण्यापलीकडे आपणही फार पुढे गेलेलो नाही.

जबलपूर जिल्ह्यात करायच्या गोष्टी खर्चिक नाहीत. वाटाण्याच्या पट्ट्यात पिकाच्या उंचीवर तापमान नोंदवणारी स्वयंचलित यंत्रे बसवावीत आणि पंचनाम्यात तीच नोंद ग्राह्य धरावी. जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय शहरातच आहे. यंत्रे कोठे बसवायची हे ठरवायला बाहेरचा सल्लागार नको. पाल्याच्या संभाव्य रात्रीची सूचना संध्याकाळपूर्वी गेली तर शेतकरी हलके पाणी देऊ शकतो, बांधावर धूर करू शकतो. सकाळी पोहोचलेली सूचना त्याच्या काही कामाची नाही. शहरात रुग्णालयांच्या आवारात नातेवाइकांसाठी बंदिस्त, ब्लँकेटांसह जागा असावी आणि ती लाट जाहीर होण्याशी न जोडता नोव्हेंबर ते फेब्रुवारी उघडी राहावी. या काळात उघड्यावर सापडलेल्या प्रत्येक बेवारस मृतदेहाच्या कागदावर त्या रात्रीचे किमान तापमान लिहिणे पोलिसांना आणि शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना बंधनकारक करावे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची हिवाळ्याची बैठक ऑक्टोबरात, रब्बीच्या पेरण्या सुरू असतानाच, व्हावी आणि तिच्यात आदल्या हिवाळ्यातले हे सगळे कागद टेबलावर असावेत.