मठातला पेला आणि मांडवातली बाटली

“फादर, ही मठातली आहे, हिला नाही म्हणू नका.” परदेशी नोकरी करणाऱ्या आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने नाताळात आमच्यापुढे ओर्वालची बाटली ठेवली. बुलढाणा जिल्ह्यात बेल्जियन पेल एल एरवी कोठून दिसणार? आम्ही नाही म्हटले नाही.

केशरी-तांबूस रंग, वर दाट फेस. संत्र्याच्या सालीचा आणि वाळल्या गवताचा गंध. जिभेवर आधी भाजलेल्या जवाची किंचित गोडी, मग हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा, आणि शेवट अगदी कोरडा. बर्फागत गार केली असती तर यातले निम्मे हरवले असते. पेय उत्तम आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

मान्य नाही तो पेल्यामागून आलेला युक्तिवाद: “मठवासीच करतात, मग आमच्या हळदीला हरकत कसली?”

हरकत अशी. ओर्वालच्या मठवासीयांनी 1931 मध्ये हा उद्योग काढला तो उद्ध्वस्त मठाच्या पुनर्बांधणीसाठी. ते विकतात ती बिअर 6.2 टक्के मद्यार्काची. स्वतःच्या पंगतीसाठी मात्र वेगळी, हलकी बिअर करतात. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकातील आपल्या नियमावलीचे 40 वे प्रकरण पेयाच्या मापालाच वाहिले आहे. मठवासीयाने मुळीच न पिणे उत्तम. ते साधत नसेल तर ठरलेल्या मापाबाहेर जाऊ नये, असा त्याचा आशय आहे.

आमच्या मांडवामागे माप कोण पाहतो? चव तरी कोण पाहतो? चव कळू नये म्हणून घोट घाईने उतरविला जातो. बिअर असली तर ती ‘स्ट्राँग’च हवी. कापूस-सोयाबीनचा पैसा हाती येण्याआधीच तो इभ्रतीच्या नावाखाली पाहुण्यांच्या पेल्यांत ओतला जातो. कानाच्या लग्नाचा दाखला आम्हांसही ठाऊक आहे. तेथे प्रभूने यजमानाची अब्रू राखली; त्याचे कर्ज वाढविले नाही.

एल पारखणारा अखेरीस जिभेवर काय उरते ते पाहतो. मांडवातल्या बाटलीनंतर काय उरते, हे त्या घरच्या माउलीस विचारावे. ती किराणा दुकानातील उधारी सांगेल.

म्हणून आमचे स्पष्ट म्हणणे आहे: ज्यांना मठाचा दाखला द्यावयाचा आहे, त्यांनी मठाचे मापही घ्यावे. ते झेपत नसेल तर मांडवात सरबत ठेवावे; लग्न तेवढेच पवित्र होते.