कोड लिहिता येतो, पण सांभाळता येतो का?

कॅम्पस प्लेसमेंट झालं, जॉइनिंग झालं, ट्रेनिंग संपलं आणि मग प्रोजेक्ट कळला : एएस/४००. पुढचं ठरलेलंच. चेहरा पडतो, ग्रुपवर रडक्या इमोजी येतात आणि कुणीतरी विचारतंच, ‘अरे, ते हिरव्या अक्षरांच्या स्क्रीनवालं? ते अजून जिवंत आहे?’

जिवंत आहे आणि चांगलं धडधाकट आहे. आयबीएमने एएस/४०० बाजारात आणलं १९८८ मध्ये. अवाढव्य मेनफ्रेम आणि टेबलावरचा पीसी यांच्या मधलं, म्हणून मिडरेंज. त्याच्या आजच्या अवताराला ‘आयबीएम आय’ म्हणतात. जगभरातल्या कितीतरी बँका, विमा कंपन्या आणि गोदामांचे हिशेब आजही त्यावर चालतात. त्यातलं बरंच देखभालीचं काम आपल्याकडच्या आयटी कंपन्यांत होतं. त्यामुळे हा प्रोजेक्ट उद्या तुमच्याही वाट्याला येऊ शकतो. आला तर ती शिक्षा समजू नका, असं माझं म्हणणं आहे. कॉलेजने शिकवलंच नाही ते तिथे शिकावं लागतं : कोडची खरी आवृत्ती कुठली, हे ओळखणं.

आपल्याकडे काय चालतं ते तुम्हाला माहीतच आहे. ‘प्रोजेक्ट फायनल’, ‘प्रोजेक्ट फायनल नवा’, ‘प्रोजेक्ट खरंच फायनल’. व्हायवाच्या सकाळी चौघांच्या लॅपटॉपवर चार फायनल! फार तर मार्क जातात. आता हेच एखाद्या कंपनीच्या बिलिंगमध्ये झालं तर?

या मशीनवर प्रोग्रॅम ‘लायब्ररी’त राहतात. साधारणपणे एक लायब्ररी डेव्हलपमेंटची, एक टेस्टिंगची, एक खऱ्या कामाची. तिन्हीकडे प्रोग्रॅमचं नाव एकच. मग चालतो कुठला? मशीनकडे लायब्ररींची यादी असते. ती वरून खाली शोधत जाते आणि पहिला सापडेल तो चालवते. यादीत टेस्टिंगची लायब्ररी चुकून वर राहिली, की अर्धवट प्रोग्रॅम खरी बिलं काढायला मोकळा.

याहून छळणारा प्रकार दुसराच. समजा, बिलिंगच्या प्रोग्रॅममध्ये मोठा बदल करायला तुम्ही त्याची कॉपी घेतली. काम सहा महिन्यांचं. तिसऱ्या महिन्यात चालू प्रोग्रॅममध्ये कराची चूक सापडली. कुणीतरी रात्री जागून ती तिथल्या तिथे दुरुस्त केली. तुमच्या कॉपीत मात्र ती दुरुस्ती आलीच नाही. सहा महिन्यांनी तुमची नवीकोरी आवृत्ती लाइव्ह जाते आणि गाडलेली चूक पुन्हा उठून बसते. दोघांनीही मेहनत केली, तरी ग्राहकाच्या हातात चुकीचं बिल पडलंच ना?

जुन्या लोकांनी काहीच सोय केली नव्हती असं नाही. इथे पारंपरिक पद्धतीने ठेवलेल्या सोर्सच्या प्रत्येक ओळीसोबत ती कधी बदलली याची सहा आकडी तारीख असते. भारीच! पण बदल कुणी केला, का केला, आधी तिथे काय होतं, हे त्यावरून कळत नाही. आणि खोडलेली ओळ तर आपली तारीख घेऊनच जाते.

त्यात मशीन इतकं दणकट, की सोर्स हरवला तरी तयार प्रोग्रॅम चालत राहतो. १९९५ मध्ये आयबीएमने प्रोसेसरची जातच बदलली, तरी अनेक प्रोग्रॅम सोर्सपासून पुन्हा कंपाइल न करता नव्या मशीनवर गेले. कौतुक करावं तेवढं थोडं. पण चालतंय म्हटल्यावर ते कुठल्या सोर्समधून बनलंय, हे विचारतो कोण? विचारायची वेळ येते तेव्हा लिहिणारा रिटायर झालेला असतो.

‘मग गिट टाका ना!’ असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये बनवलेलं गिट आता आयबीएम आयवरही चालतं आणि वापरायलाच हवं. पण गिट सोर्सचा इतिहास सांभाळतं. कामाच्या लायब्ररीत आत्ता त्यातली कुठली आवृत्ती कंपाइल होऊन बसली आहे, याची नोंद वेगळी ठेवावी लागते. त्यासाठी कंपन्या चेंज मॅनेजमेंटची सॉफ्टवेअर घेतात. तीही वाकडी वाट करून टाळता येतात, हे लक्षात ठेवा.

हे जुन्या मशीनचंच दुखणं आहे, असं वाटतंय? १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर ट्रेडिंग कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला. तिथला वापरात नसलेला जुना कोड जागा झाला आणि साधारण पाऊण तासात कंपनीचे ४४ कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त बुडाले.

आणि आपण? जर्नलमध्ये कोडची प्रिंट चिकटवतो, सही घेतो, विसरून जातो. कॉलेजांनी प्रिंटऐवजी बदलांचा इतिहास तपासावा आणि त्याला मार्क द्यावेत, असं मला ठामपणे वाटतं. पण सिलॅबस बदलायची वाट कशाला बघायची? या सेमिस्टरचा ग्रुप प्रोजेक्ट एकाच रिपॉझिटरीत ठेवा. प्रत्येक बदलाचं कारण एका ओळीत लिहा. सरांना दाखवली ती आवृत्ती कुठली, ते नोंदवून ठेवा. पहिल्या नोकरीत कुणी विचारलं, ‘लाइव्ह काय आहे?’, तर उत्तर द्यायची सवय तरी झालेली असेल.