माणसाचे मोल आणि जमाखर्च

कोणत्याही कारखान्याचा ताळेबंद उघडावा. यंत्रे, इमारती, गोदामातील माल, येणे-देणे हे सारे रुपयांत मांडलेले दिसते. ज्यांच्या हातांनी ती यंत्रे चालतात त्या माणसांचा पत्ता मात्र खर्चाच्या बाजूसच लागतो. पगार हा खर्च, आणि काम शिकविणे हाही खर्चच. हिशेबशास्त्राचे म्हणणे असे की, माणूस संस्थेच्या ताब्यात नसतो, तो उद्या सोडून जाईल. सबब त्याचे कौशल्य मालमत्तेत धरता येत नाही. माणूस कोणाची मालमत्ता नव्हे, हे हिशेबनिसांनी तरी मान्य केले याचे आम्हांस समाधानच वाटते! परंतु या नियमाचे फळ विचित्र आहे. युरोपातील फुटबॉल क्लब दुसऱ्या क्लबाकडून खेळाडू घेतो, तेव्हा मोजलेली रक्कम मालमत्तेत चढते. लहानपणापासून स्वतः घडविलेला खेळाडू त्याहून सरस असला, तरी वहीत त्याचे मोल जवळजवळ शून्य.

यावर तोड म्हणून १९७१ साली बारूख लेव्ह व आबा श्वार्ट्झ या अभ्यासकांनी एक रीत मांडली. प्रत्येक कर्मचारी निवृत्त होईपर्यंत जो पगार मिळवील त्याचे आजचे मूल्य काढावयाचे आणि सर्वांची बेरीज करावयाची. आपल्याकडे भारत हेवी इलेक्ट्रिकल्स व इन्फोसिस यांनी या रीतीचा अवलंब करून आपल्या अहवालांत आकडे प्रसिद्ध केले. आकडे डोळे दिपविणारे होते, यात शंका नाही. पण मोजले काय? पगार! चिक्कू मालकाच्या पदरी असलेला कसबी साचेकार या हिशेबात हलका ठरतो. पगारवाढ झाली की कोणी काही नवे न शिकताच ‘भांडवल’ वाढते. आणि निवृत्तीस एक वर्ष उरलेला जाणता मिस्त्री, ज्याला विचारल्यावाचून भट्टी पेटत नाही, तो तर कालच्या उमेदवारापेक्षाही स्वस्त! अशा मापाला आम्ही माप म्हणावयास तयार नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकिगत आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून त्यांनी आरंभ केला. पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार केले. कारखान्याची जागा सोडावी लागल्यावर १९१० साली ते औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर गेले. त्या दिवशी कोणी ताळेबंद मांडता, तर त्यात निवडुंगाचे रान आणि कर्ज यांपलीकडे फारसे काय दिसले असते? किर्लोस्करवाडी उभी राहिली ती बरोबर गेलेल्या माणसांच्या बळावर. त्यांचे कसब कोणत्याही वहीत नव्हते. ते बेळगावातून गेले, तेही कोणत्या वहीत दिसले नसेल.

म्हणून आम्हांस रुपयांतल्या किमतीपेक्षा साधी मोजदाद अधिक पसंत आहे. स्वीडनच्या स्कांडिया या विमा कंपनीने १९९४ साली लेइफ एडविन्सन यांच्या पुढाकाराने वार्षिक अहवालास बौद्धिक भांडवलाची पुरवणी जोडली. तीत ग्राहक, कार्यपद्धती, नवे उपक्रम व माणसे यांची निरनिराळी परिमाणे होती. आपल्या सेबीनेही २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना किती कामगार सोडून गेले, किती जणांना शिक्षण दिले, हे जाहीर करणे बंधनकारक केले आहे.

आमच्या उद्यमबागेतील लहान ओतशाळा या नियमात येत नाहीत. त्यांना एक कागद पुरेसा आहे. वाळूचा ओलावा हाताने ओळखणारे किती? लोखंडाचा रस ओतण्याजोगा झाला की नाही, हे सांगणारे किती? त्यांतले पाच वर्षांत निवृत्त होणारे कोण, आणि त्यांच्या हाताखाली आज कोण शिकतो आहे? शेवटच्या प्रश्नापुढची जागा जेथे कोरी राहील, तेथे मालकाने नवे यंत्र मागविण्याआधी एक उमेदवार नेमावा, आणि शिकविणाऱ्या मिस्त्रीला त्या कामाचा वेगळा मोबदला द्यावा.