आंघोळीच्या पाण्यावरची वीज

हायड्रोजन म्हटले की आपल्याकडे बस येते, हिरवा झेंडा येतो आणि तो दाखवायला मंत्री येतात. जपानमध्ये फ्युएल सेल घराच्या मागच्या भिंतीला टेकून, कपाटाएवढ्या पेटीत मुकाट काम करतो. ‘एने-फार्म’ या नावाने 2009 साली हे घरगुती यंत्र तिथे विक्रीला आले आणि आजवर काही लाख घरांत बसले. त्याला हायड्रोजनची टाकी लागत नाही. नळाने येणाऱ्या गॅसमधूनच ते हायड्रोजन काढते आणि हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग घडवून वीज तयार करते.

ताकद म्हणाल तर जेमतेम 700 वॉट. इस्त्री लावली की संपली! मग लोकांनी त्यासाठी पैसे का मोजले? गोम गरम पाण्यात आहे. वीज तयार होताना निघणारी उष्णता टाकीतले पाणी तापवते, आणि रात्री गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसणे हा तिथला नित्यनेम. औष्णिक केंद्रात इंधनातली निम्मी-अधिक ऊर्जा हवेत आणि समुद्रात जाते. इथे ती न्हाणीघरात जाते.

कौतुक इतकेच पुरे. सुरुवातीला एका यंत्राची किंमत 30 लाख येनच्या वर होती आणि सरकारी अनुदानाशिवाय ते खपले नसते. गॅस खनिजच, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड सुटतोच. आणि मार्च 2011च्या भूकंपात वीज गेली तेव्हा दारात यंत्र असलेली घरेही अंधारात बसली, कारण ते यंत्र चालवायलाच बाहेरची वीज लागत होती. वीज गेली तरी यंत्र चालू राहावे, ही सुधारणा कंपन्यांना नंतर सुचली.

आपण जानेवारी 2023 मध्ये हरित हायड्रोजनसाठी 19,744 कोटींचे अभियान मंजूर केले. त्यातली चर्चा खत, तेलशुद्धीकरण, पोलाद आणि निर्यातीची. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत नळाचा गॅस पोचला आहे हे खरे, पण म्हणून जपानी पेटी आणून बसवू नये. आपल्याला सकाळी दोन बादल्या पाणी पुरते, आणि तेवढ्याला गच्चीवरचा सोलर बंब स्वस्त पडतो.

रुग्णालय, मोठे हॉटेल, दूध डेअरी यांची गोष्ट वेगळी. तिथे एका कोपऱ्यात बॉयलर आणि दुसऱ्या कोपऱ्यात डिझेल जनरेटर असतो. दोघांचे बिल एकच मालक भरतो. शिवाय आपली खरी गरज गारव्याची. उष्णतेवर चालणारी शीतयंत्रे पुण्याची थरमॅक्स कधीपासून बनवते, आणि जास्त तापमानावर चालणाऱ्या फ्युएल सेलची उष्णता त्यांना चालू शकते. तेव्हा अनुदान द्यायचेच असेल तर अर्जात आधी दोन रकाने ठेवावेत: निघणारी उष्णता कुठे वापरणार, आणि महावितरणची वीज गेल्यावर यंत्र आपले आपण चालू राहते का?